दोन बेल

"पुन्हा दिलीत, तात्या."

"काय दिली?"

"बेल. पहिली दिलीत ती बरोबर होती. फोन उचलला गेला. मग लगेच दुसऱ्यांदा दिलीत आणि कट झाला."

तात्या बाहेरच्या सोप्यातल्या कॉटवर मांडी घालून बसले होते. मी स्वयंपाकघरातून, दहा पावलांवरून, त्यांना फोन लावत होते. सकाळपासूनचा हा अकरावा फोन. त्यातले सात त्यांनी उचलता उचलता कापले होते.

"सवय हाय गं," ते म्हणाले. "चौतीस वर्सं बेल दिली. गाडीत ही माणसं, कुणाच्या कोंबड्या, कुणाची कापडाची गठुडी, त्यात इंजिनाचा आवाज. ड्रायव्हरला ऐकू गेली का न्हाई कुणाला ठावं? म्हणून आपली पक्की करायची. दोन बेल, आन् वर पुन्यांदा दोन."

"इथं ड्रायव्हर नाही तात्या."

"मग चालवतंय कोण?"

मी हसले नाही. हसायला हवं होतं. रविवार होता, भाद्रपद संपत आला होता, आणि मला चारच्या गाडीने पुण्याला परतायचं होतं.

तात्या विट्याच्या डेपोत कंडक्टर होते. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचा आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आई गेल्यावर ते विट्याच्या घरात एकटेच राहिले. शेजारच्या शेवंताकाकू दुपारी साडेबाराला भाकरी आणून देत, बाकी सगळं ते हाताने चाचपून करत. चहासुद्धा. दूध उतू जायच्या आधी पातेल्याचा आवाज बदलतो, तो त्यांना कळायचा.

मी पुण्यात अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. उतारवयात दृष्टी गेलेल्यांसाठी आम्ही मराठीत एक पुस्तिका आणि तिचं ध्वनिमुद्रण तयार करत होतो. बोलणारा फोन कसा वापरायचा, याचं. फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, पण त्याला तसं सांगावं लागतं बोटांनी. एक बोट उजवीकडे सारलं की तो पुढची गोष्ट वाचतो. एका बोटाने दोनदा टिचकी मारली की वाचलेली गोष्ट उघडते. दोन बोटं जोडून एकदा टेकवली की तो बोलायचा थांबतो. आणि दोन बोटं जोडून दोनदा टेकवली की वाजणारा फोन उचलला जातो. चालू असलेला फोन त्याच खुणेने बंद होतो. अशा पंधरा-सोळा खुणा. काचेवर बटण नाही, खळगा नाही, खूण सांगायची ती नावानेच. आणि नावं कुणी केलेली नव्हती.

समितीने एक यादी केली होती. अध्यक्ष उपासनी सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. मी ती यादी तात्यांना वाचून दाखवली होती.

"द्विअंगुली द्विस्पर्श," मी वाचलं.

"हे काय श्राद्धाचं हाय का?" तात्या म्हणाले. "पुढं वाच. दर्भ कुठं ठेवायचा ते येईल."

मग दोन महिने, दर रविवारी, नावं त्यांनीच दिली. बोट उजवीकडे सारायचं ते 'पुढं सरका'. डावीकडे ते 'मागं बघा'. एका बोटाच्या दोन टिचक्या म्हणजे 'पंच', कारण तिकिटाला चिमटा बसला की सौदा झाला, आता मागे नाही. अख्खं पान वर सरकवायचं ते 'पाटी बदल', गाडीवरची गावाची पाटी बदलतात तसं. दोन बोटं एकदा, ती एक बेल. दोन बोटं दोनदा, ती दोन बेल. ते सांगत जात आणि मी लिहून घेई. त्यांच्या आवाजात डेपोतला जुना खणखणीतपणा येई. नावांची यादी पुण्यात नेली, तेव्हा आमची प्रशिक्षक नसीम, जी जन्मापासून अंध आहे आणि सोलापूरची आहे, ती हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. म्हणाली, "तुझ्या वडलांना पगारावर घ्या रे कुणीतरी. ही नावं म्हाताऱ्यांना एका दुपारात पाठ होतात."

तात्या फक्त दोन बेलवर अडून बसले होते.

"हे बरं न्हाई," त्या रविवारी ते पुन्हा म्हणाले. "दोन बेल दिली की गाडी सुटती. सुटलेल्या गाडीला परत दोन बेल दिली तर ड्रायव्हर काय करंल? आणखी दामटंल. ह्यात गाडी थांबती. एकाच खुणेत सोडायचं आन् तोडायचं? कुणी केलं हे?"

"ज्यांनी फोन केला त्यांनी. ते आपल्या हातात नाही."

"त्यांच्यात कुणी आंधळा न्हवता."

"असतीलही."

"मग कंडक्टर न्हवता."

मी पुन्हा आत गेले आणि बारावा फोन लावला. कॉटवर फोनने माझं नाव घेतलं. तात्यांनी दोन बोटं टेकवली, दोनदा. मी "हॅलो" म्हणाले. "हां, बोल," ते म्हणाले, आणि 'बोल'बरोबर त्यांची बोटं आपसूक खाली आली. टुक.

"तात्या!"

"चिडू नगंस. लाव परत."

"नाही लावणार. तुम्ही कापलात, तुम्ही लावा."

हा माझा नियम होता, आणि पुस्तिकेतही मीच तो लिहिला होता. सातवा. फोन चुकून कट झाला तर घरच्यांनी परत लावू नये. ज्याच्या हातून कट झाला त्याला पुन्हा लावू द्यावा. आयतं मिळालं की माणूस शिकत नाही. बारा वर्षांच्या कामात मी हे पाहिलं होतं. पाण्याचा तांब्या हातात देणारी सून आणि त्या तांब्याची वाट बघत बसलेला, एकेकाळी मैलभर चालणारा म्हातारा. तात्यांचं तसं होऊ नये असं मला वाटत होतं. दुसरंही एक होतं. दसऱ्यापर्यंत तात्यांना फोन नीट जमला तर ते विट्यात राहणार, नाहीतर माझ्याकडे पुण्याला, दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. हे मीच ठरवलं होतं. तात्यांनी मान्य केलं होतं, पण पुण्याचं नाव निघालं की ते कॉटच्या कडेवरून हात फिरवत बसत.

तात्यांनी फोन हातात घेतला. पुढं सरका, पुढं सरका, पुढं सरका. फोन एकेक नाव वाचत गेला. माझ्या नावाशी थांबून त्यांनी पंच केलं. माझा फोन वाजला.

"नियम बरोबर हाय," ते फोनमध्येच म्हणाले. मला त्यांचा आवाज दोन्हीकडून ऐकू येत होता. "पण अर्धा हाय."

"अर्धा कसा?"

"किती वेळ वाट बघायची ते कुठं लिवलंयस? आटपाडीची गाडी टायमाला न्हाई आली तर कंट्रोलर गप बसतो का? दहा मिन्टं बघतो, मग मागच्या स्टँडला फोन लावतो. पडली का, बंद पडली का, बघा म्हणतो. तशी मिन्टं घाल. पाच घाल, धा घाल."

"तात्या, नियम जेवढा छोटा तेवढा लक्षात राहतो."

"बरं," ते म्हणाले. "शिकलेली तू हायस."

एवढंच. आवाजात टोमणा होता की नव्हता हे मी तेव्हा पाहिलं नाही. भाकरी खाल्ली, भांडी घासली, त्यांची औषधं डब्यात सकाळ-संध्याकाळ अशी लावली. ते फाटकापर्यंत आले. शेवंताकाकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "पास झालं का न्हाई वडील?"

"काठावर," मी म्हणाले.

"पैल्यापासनंच काठावर," तात्या म्हणाले. "सातवीत बी."

कऱ्हाडच्या पुढे गेल्यावर त्यांचा फोन आला. मी उचलला. त्यांनी कापला नाही. बोलले, गाडीत जागा मिळाली का, खिडकीची आहे का, आणि मग म्हणाले, "बघ. एकदा बी दिली न्हाई."

"उद्या बघू," मी म्हणाले.

सोमवारी अकराला समितीची शेवटची बैठक होती. पुस्तिका छपाईला जायची होती. लांब टेबल, पाच माणसं, चहा. उपासनी सरांनी 'द्विअंगुली'चा हट्ट सोडला होता, आणि 'पुढं सरका' वाचताना तेसुद्धा हसले होते. मला अभिमान वाटत होता. आम्ही नियमांपाशी आलो.

"हा सातवा जरा कठोर नाही का?" सर म्हणाले. "म्हातारं माणूस, एकटं. फोन तुटला तर?"

"तुटला तर तो पुन्हा लावेल, सर. त्यासाठीच शिकवतोय आपण."

मी हे बोलत असतानाच माझा फोन थरथरला. तात्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि फोन उचलला.

"वैजे," तात्या म्हणाले. "वैजे, जरा..."

टुक.

मी हसले. खरंच हसले. "तात्या," मी टेबलाकडे पाहून सांगितलं. "दोन बेल दिली. आता बघा, सातवा नियम. ते पुन्हा लावतील."

मी फोन हातात धरून बसले. चार जण त्याच्याकडे बघत होते. नसीम मान कलती करून कान देऊन होती. पंखा फिरत होता. एक मिनिट गेलं.

"शोधत असतील नाव," कुणीतरी म्हणालं.

दोन मिनिटं.

"वैजू, लाव की गं," नसीम हलकेच म्हणाली.

"नाही. आज मी लावला तर रोज मलाच लावावा लागेल."

तीन मिनिटं झाली असतील. सरांनी चहाचा घोट घेतला, तो ऐकू आला. मला राग आला होता. कशाचा, ते मी पुढे फार दिवस स्वतःला वेगवेगळं सांगत राहिले. पण खरं सांगायचं तर माझे वडील पाच माणसांसमोर नापास झाले, याचा राग आला होता. कालच तर म्हणाले होते, एकदा बी दिली न्हाई.

"जेवायला बसले असतील," मी म्हणाले आणि फोन उपडा ठेवला.

सव्वा अकराला विट्यात कुणी जेवायला बसत नाही. शेवंताकाकूंची भाकरी साडेबाराला येते. मला ते माहीत होतं. आम्ही आठव्या नियमाकडे वळलो.

एकला दहा कमी असताना काकूंचा फोन आला. "वैजू, तू निघ."

"तात्या?"

"तू निघ बाई."

मी पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. सोप्यात माणसं दाटीवाटीने बसली होती. डेपोतले दोन निवृत्त ड्रायव्हर भिंतीला टेकून होते, दोघांच्याही हातात टोपी. तात्यांना कॉटवरून खाली घेतलं होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना वेदना ना शांती. दाढी वाढलेली होती. मी रविवारी करून देते म्हटलं होतं आणि फोनच्या नादात राहिली होती.

डॉक्टर येऊन गेले होते. काकूंनी मला त्यांचं बोलणं सांगितलं. छातीचाच झटका. एकदम नाही गेले, अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल, वेळेत कुणी आलं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही.

"मी भाकरी घिऊन आले तर खाली पडल्यालं," काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "भिंतीपल्याड मी निवडत बसल्याली. हाक आली न्हाई गं. हाक मारायला जीवच ऱ्हायला नसंल. हात तेवढा फोनवर." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला न्हवता का लावला फोन त्यांनी?"

भिंतीला टेकलेले दोघे ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागले. किंवा मला तसं वाटलं.

"मीटिंग होती काकू," मी म्हणाले. "फोन सायलेंट होता."

"आसंल, आसंल," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कामावरच्या माणसाला काय कळतंय. तू वाईट वाटून घिऊ नगं."

तात्यांचा फोन कुणीतरी फडताळात, औषधाच्या डब्याशेजारी ठेवला होता. मी उचलला. त्यांनी त्याला कुलूप लावू दिलं नव्हतं. आंधळ्याच्या घराला कशाला कडी, म्हणायचे. पडदा उजळला आणि फोन बोलला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून आवाज मीच मोठा करून ठेवला होता.

"वैजू. मोबाइल. आज, अकरा वाजून दहा मिनिटं. कॉल करण्यासाठी दोनदा टॅप करा."

सगळ्यांनी वर पाहिलं.

ते माझ्या नावापर्यंत पोचले होते. कट झाल्यावर पुन्हा शोधून, सातवा नियम पाळून, ते पोचले होते आणि तिथेच थांबले होते. फक्त पंच राहिलं होतं. आधीचा फोन बेलच्या सवयीने तुटला की हातातून निसटताना तुटला, हे मला कधीच कळणार नाही. 'जरा'पुढे काय होतं, तेही नाही. काकूंचं घर भिंतीपलीकडे होतं. मी परत लावला असता, तात्यांनी उचलला नसता, तर पुढचा फोन मी काकूंनाच लावला असता. दोन मिनिटांचं काम.

"वैजू. मोबाइल," फोन पुन्हा म्हणाला.

मी दोन बोटं जोडून एकदा टेकवली. तो गप्प झाला.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. पुस्तिका छापून आली, तिच्या चार आवृत्त्या झाल्या. तात्यांची नावं आता कुठे कुठे ऐकू येतात. परभणीला एका आजींनी मला 'पाटी बदल' शिकवलं, ही खूण तुम्हाला ठाऊक नसेल म्हणत. सातवा नियम तसाच राहिला. काढायचा तर का काढला ते सांगावं लागलं असतं. वर्गात मी पुस्तिका वाचून दाखवते तेव्हा सहाव्यानंतर पाणी पिते, सातवा भरभर वाचते आणि आठव्यावर आवाज पुन्हा वर घेते. नसीम त्या टेबलाशी होती. या सहा वर्षांत तिने मला त्याबद्दल एकदाही विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात मिरजेला वर्ग होता. शाळेचा हॉल, अठरा जण आणि बरोबर आलेली त्यांची घरची माणसं. नसीमने तात्यांच्या थाटात "पुढं सरका, पुढं सरका, दारात उभं राहू नका," असं माइकवर पुकारलं आणि हॉल खदखदून हसला. नंतर नियम. सहावा वाचला, पाणी प्यायले, सातवा वाचला.

तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. पस्तिशीची असेल. जतहून आली होती, शेजारी तिचे वडील, पांढरा सदरा, मांडीवर नवा फोन, आणि त्यावर दोन्ही हात असे ठेवलेले की जणू तो उडून जाईल.

"मॅडम, सातव्याचं विचारायचं होतं," ती म्हणाली. "आमचे आबा एकटेच असतात, मी सांगलीला नोकरीला. त्यांचा फोन सारखा कट होतो. तुम्ही म्हणता परत लावू नका. ठीक आहे, नाही लावत. पण किती वेळ वाट बघायची? ते इथं लिहिलेलं नाही."

"आगं, त्यांना ठावं आसंल," आबा तिला दबक्या आवाजात म्हणाले. "खाली बस."

मी पुस्तिका मिटली. नसीमने माइक तोंडापासून खाली घेतला.

"वाट बघायची नाही," मी म्हणाले. "परत लावायचा. लगेच. नाही उचलला तर शेजारी लावायचा."

"पण मॅडम, पुस्तकात..."

"पुस्तकातलं मी लिहिलंय. चुकीचं लिहिलंय." माझा आवाज हॉलच्या मागपर्यंत जात होता आणि मला तो तसाच जाऊ द्यायचा होता. "तुम्ही विचारलंत तेच माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. ते कंडक्टर होते. ही सगळी नावं त्यांची आहेत. पाच मिनिटं घाल, दहा घाल, पण मिनिटं घाल, म्हणाले होते. मी घातली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, माझं नाव घेतलं, आणि कट झाला. त्यानंतर अर्धा-पाऊण तास ते जिवंत होते. मी सगळ्यांना सांगितलं की माझा फोन सायलेंट होता."

आबांनी मांडीवरच्या फोनवरचे हात उचलले होते.

"सायलेंट नव्हता," मी म्हणाले. "माझ्या हातात होता."